नऊ वर्षांची निवेदिका, वडिलांचं खोटं आणि फसलेला शेवट

कोरा_कागद

कथालेखनातला नेमका प्रश्न आहे, म्हणून आधी कथेचा सांगाडा देते.

निवेदिका नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. वडील रोज सकाळी डबा घेऊन कामावर जातात आणि संध्याकाळी परततात. प्रत्यक्षात नोकरी केव्हाच गेलेली आहे. घरात कुणाला न सांगता ते दिवसभर बाहेर वेळ काढून येतात. शेवटी मुलीला हे कळतं आणि तिथे कथा संपते. लांबी साधारण साडेचार हजार शब्द, निवेदन प्रथमपुरुषी, काळ वर्तमान.

मसुदा वाचलेल्यांचे आक्षेप असे. मुलगी चाळिशीतल्या बाईसारखी बोलते. वडील आणि त्यांचा मित्र यांचं बोलणं ती दाराआडून ऐकते, तो प्रसंग नाटकी वाटतो. आणि शेवटचं वाक्य, 'त्या दिवशी माझं बालपण संपलं', हे तर एकजात सगळ्यांनी खोडलं.

मुलांचं निरागसपण हरवण्यावर एवढं लिहिलं गेलंय, तेव्हा या अडचणी माझ्या एकटीच्या नसणार. मुलाला काय ठाऊक आणि वाचकाला काय ठाऊक, याचा हिशोब लिहिताना कसा ठेवतात? भाषा किती लहान ठेवायची? आणि 'संपलं' असं न म्हणता ते संपल्याचं कसं दाखवायचं? 'वाचन वाढवा' सोडून काहीही सांगा. कारागिरीचं सांगितलंत तर उत्तम.

---

मागचा_बाक

शेवटाकडे नंतर येऊ. आधी तीन वयं कागदावर लिहून काढा: घटना घडते तेव्हाचं वय, तिचा अर्थ लागतो तेव्हाचं वय आणि गोष्ट सांगतानाचं वय. तुमच्या मसुद्यात तिन्ही ठिकाणी नऊ आहे, आणि नऊ वर्षांच्या मुलीकडून तुम्ही चाळिशीची समज वदवून घेताय. पहिला आक्षेप तिथूनच आलाय.

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये (१८६१) पिप लहान असताना घडलेलं मोठा झालेला पिप सांगतो. म्हणून लहान पिपची भीती आणि मोठ्या पिपची स्वतःवरची टिंगल एकाच वाक्यात नांदू शकते. हार्टलीच्या 'द गो-बिटवीन'मध्ये (१९५३) अंतर अर्ध्या शतकाचं आहे. घटना १९०० च्या उन्हाळ्यातल्या, मुलगा बारा संपून तेरावं लागायच्या बेताचा, आणि सांगणारा साठी ओलांडलेला माणूस जुनी डायरी सापडल्यावर १९५२ साली सांगतोय. तिथे निवेदक हवं ते शहाणपण बोलू शकतो, त्याचं वय तेवढं आहे. 'श्यामची आई' (१९३५) हीसुद्धा मोठ्या श्यामने आश्रमातल्या मित्रांना रात्री सांगितलेली गोष्ट आहे. त्यात येणारा उपदेश मोठ्या श्यामचा आहे, म्हणून तो लहान श्यामच्या तोंडी कोंबल्यासारखा वाटत नाही.

दुसऱ्या टोकाला प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास'पासूनच्या (१९९४) या कथा भूतकाळात सांगितल्या आहेत, पण 'आता मला समजतं की...' असा सूर त्यांत नाही. सांगणारा घटनेपासून दोन पावलांवरच उभा आहे. तुम्हाला हे टोक हवं आहे असं दिसतं. मग वर्तमानकाळ काढा. मराठीत 'मी दार उघडते, मी बघते' असं पानभर चाललं की नाटकातल्या रंगसूचना वाचल्यासारखं होतं. शिवाय वर्तमानकाळात मुलीला चुकीचा निष्कर्ष काढून तो काही दिवस उराशी बाळगायला सवड मिळत नाही. 'काल', 'परवा', 'मागच्या सोमवारी' अशा जवळच्या भूतकाळात सांगा.

आता हिशोब. प्रत्येक प्रसंगासाठी चार रकाने आखा: मुलीला काय दिसलं किंवा ऐकू आलं, त्यावरून तिने काय ताडलं, वाचकाने काय ताडावं आणि खरं काय आहे. तुमच्या कथेतला एक प्रसंग धरू. दिसलं: बाबांचा डबा हल्ली घासलेला परत येतो. तिने ताडलं: बाबा शहाण्यासारखे वागायला लागले, आई खूश होणार. वाचकाने ताडावं: कचेरीतून आलेला डबा इतका स्वच्छ कसा? खरं: ते बागेत बसून जेवतात आणि तिथल्याच नळावर डबा विसळतात.

सगळे प्रसंग असे मांडले की मसुद्याचा आजार डोळ्यांना दिसतो. दुसरा आणि तिसरा रकाना सारखे झाले, म्हणजे मुलीने आणि वाचकाने एकच ताडलं, तर प्रसंग सपाट होतो. तिसरा रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला तर तुम्ही रहस्यकथा लिहिताय, आणि वाचक शेवटी 'बरं, हे होतं तर' म्हणून पुस्तक मिटतो. तिसरा रकाना दुसऱ्याच्या एकदोन प्रसंग पुढे असला पाहिजे. त्या मधल्या जागेत वाचकाला मुलीची काळजी वाटायला लागते. आणि चौथा रकाना कथेत कधीच पूर्ण उतरवायचा नसतो, तो तुमच्या वहीत राहू दे.

याचा नमुना म्हणून प्रेमचंदांची 'ईदगाह' (१९३३) पेन्सिल घेऊन वाचा. हामिदला वाटतं की वडील पैसे कमवायला गेलेत आणि आई अल्लामियांच्या घरून त्याच्यासाठी छान छान वस्तू आणायला गेलीय. वाचकाला पहिल्या काही परिच्छेदांतच दोघं वारल्याचं कळतं. हामिदला ते कथा संपेपर्यंत कळत नाही, लेखक कळूही देत नाही. पण तोच हामिद जत्रेत खेळणी आणि मिठाई सोडून तीन पैशांत आजीसाठी चिमटा घेतो, कारण तव्यावरून पोळ्या उतरवताना तिचे हात भाजतात. एका बाबतीत तो म्हातारा झालाय आणि दुसऱ्या बाबतीत अजून बाळ आहे. निरागसपण एका झटक्यात सगळं जात नाही, एकेका खोलीतून जातं. तुमच्या मुलीची कोणती खोली रिकामी होते आणि कोणती भरलेलीच राहते, हे ठरवून घ्या.

हे ठरवायला एक वाक्य पूर्ण करा: 'कथेच्या सुरुवातीला ती असं धरून चालते की...' या जागी 'जग चांगलं आहे' असं लिहिलंत तर कथा ढोबळ होणार. 'मोठी माणसं खोटं बोलत नाहीत' हेही नऊ वर्षांच्या मुलीला लागू पडणार नाही, त्या वयात मुलं स्वतः सफाईने खोटं बोलतात. माझ्या मते तुमच्या कथेतली समजूत आहे 'बाबांना कशाची भीती वाटत नाही'. हरवायचं ते एवढंच. बाकीचं बालपण शाबूत राहिलं तरी चालेल.

---

अर्धविराम

भाषेबद्दल.

पहिलं काम यांत्रिक आहे. मसुद्यातली '-ता', '-पणा' आणि '-त्व' यांनी संपणारी सगळी नामं शोधून खुणा करा: अस्वस्थता, एकटेपणा, अपराधीपणा, वगैरे. निवेदिका नऊची असेल तर यातलं जवळपास काही टिकणार नाही. प्रत्येकाच्या जागी शरीराला जाणवलेलं किंवा डोळ्यांना दिसलेलं काहीतरी आणा. 'बाबांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता' याऐवजी 'बाबांनी माझी वेणी सोडून परत घातली, मी सांगितलं नव्हतं तरी'.

दुसरं, कारणदर्शक जोड. 'कारण', 'त्यामुळे' आणि 'म्हणून' हे शब्द मुलं वापरतात, पण मोठ्यांच्या कारणांसाठी क्वचित वापरतात. मुलीच्या तोंडी 'म्हणून' असेल तर त्याच्या पुढे चुकीचं कारण येऊ द्या. बरोबर कारण जिथे आहे तिथे नुसतं 'मग' किंवा 'आणि' पुरेल. जोडणी वाचक करतो.

तिसरं मराठीतच मिळणारं हत्यार आहे, आणि ते फार कमी लोक वापरतात: आदरार्थी बहुवचन. तुमच्या निवेदिकेच्या घरी 'बाबा आले' म्हणतात की 'बाबा आला'? पहिलं असेल तर नशीब समजा. पूर्ण कथा 'बाबा आले, बाबा म्हणाले' अशी चालू दे. मग ती त्यांना भलत्या वेळी भलत्या ठिकाणी पाहते तेव्हा लिहा: 'बाकावर एक माणूस बसला होता. त्याने बूट काढून ठेवले होते.' पुढच्या वाक्यात बूट ओळखीचे निघतात आणि क्रियापद परत 'उठले'वर येतं. एका वाक्यापुरते वडील परके झाले, आणि त्याबद्दल तुम्हाला एक अक्षर खर्चावं लागलं नाही. नात्यातल्या इतर माणसांनाही हे चालतं. आतापर्यंत 'काका' असलेला माणूस एका प्रसंगानंतर 'ते' होतो, आणि पुढे निवेदिका त्याचं नातंच उच्चारत नाही. मात्र घरात 'बाबा आला'च म्हणत असतील तर हा मार्ग बंद. उगाच ओढूनताणून 'आले' आणू नका, घराचा सगळा पोतच खोटा होईल.

बोबडे बोल आणि मुद्दाम चुकवलेलं शुद्धलेखन टाळा. नऊ वर्षांचं मूल बोबडं नसतं. मुलाचा आवाज येतो तो त्याच्या लकबीतून. लंपनला सगळं 'मॅडसारखं' वाटतं आणि तो नको तिथे मोठमोठे, नेमके आकडे फेकतो. ज्या भावनेला नाव देता येत नाही तिला तो आकडा देतो, म्हणून ती लकब पोकळ वाटत नाही. तुमच्या मुलीला अशी एकच लकब द्या आणि तिला काम द्या. कळल्याच्या क्षणी ती लकब गप्प झाली पाहिजे.

हे सगळं जमत नसेल तर प्रथमपुरुष सोडायचा पर्यायही आहे. हेन्री जेम्सच्या 'व्हॉट मेझी न्यू'मध्ये (१८९७) घटस्फोटित आईबाप मुलीला सहा-सहा महिने वाटून घेतात. नजर पूर्णपणे मुलीची, शब्द मात्र लेखकाचे. नंतर लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने कारणही दिलं आहे: मुलांना जितकं जाणवतं तितके शब्द त्यांच्यापाशी नसतात. तृतीयपुरुषात '-ता' आणि '-पणा' लेखकाच्या खात्यात जातात, मुलीच्या तोंडी जात नाहीत. किंमत अशी की वाचक मुलीपासून हातभर लांब राहतो.

---

रद्दीवाला

वर्तमानकाळ सरसकट काढा हे पटत नाही. दीडदोन पानांच्या कथेत तो छान चालतो. साडेचार हजार शब्दांना मात्र दमतो, तेवढं खरं.

दाराआडच्या संवादाबद्दल: दोष दाराचा नाही. दोष असा की आतली माणसं एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी पूर्ण वाक्यांत सांगतात. 'दोन महिने झाले तुझी नोकरी जाऊन' असं मित्राला मित्र कधी म्हणेल? तो म्हणेल 'अजून किती दिवस?' आणि पलीकडून उत्तर येईल 'बघू'. मुलीला एवढंच ऐकवा. तिला वाटेल सुट्टीबद्दल बोलतायत.

---

तळटीप

चर्चा एका गृहीतावर चाललीय, त्याबद्दल लिहितो. निरागसपण ही प्रत्येक मुलाकडे जन्मजात असलेली ठेव आणि पुढे ती हरवते, हा आराखडा साहित्यात बराच अलीकडचा आहे. रूसोचं 'एमिल' १७६२ चं, ब्लेकची 'साँग्स ऑफ इनोसन्स' १७८९ ची. ब्लेकने धुराडी साफ करणाऱ्या मुलावर दोनदा लिहिलं. १७८९ च्या कवितेत मुलगा मोठ्यांनी पढवलेलं समाधान स्वतःच्या तोंडाने म्हणतो. १७९४ च्या कवितेत तसाच मुलगा आईबाप, पाद्री आणि राजा यांच्याकडे बोट दाखवतो. मधल्या काळात मुलांचं काम बदललेलं नाही. ब्रिटनमध्ये १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालच्या मुलांना या कामावर ठेवायला बंदी घातली होती, पण अंमलबजावणी यथातथाच. निरागस मूल आणि अनुभवी मूल हे एकाच मुलाचे आधी-नंतरचे फोटो असतीलच असं नाही, हे त्या जोडीतून दिसतं.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोकदार आहे. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमधला पहिला प्रसंग १९०१ चा. लहान आंबेडकर आणि घरातली मुलं नव्या कपड्यांत वडिलांकडे निघालेली, स्टेशनवर घ्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर चौकशी करतो, मुलगा विचार न करता जात सांगून टाकतो आणि मास्तरचा चेहरा बदलतो. पुढे कुणी गाडीवाला त्यांना न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरतो आणि तोही असा, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाला बाजूने चालणार. सोबत जेवण असून पाणी नाही म्हणून मुलं उपाशी राहतात.

कारागिरीच्या अंगाने यात दोन गोष्टी बघा. कळण्याचा क्षण मुलाच्या मनात दाखवलेला नाही, तो समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर दाखवलाय. आणि लेखक लगेच सांगतो की आपण अस्पृश्य आहोत हे त्याला आधीच ठाऊक होतं. शाळेत वेगळं बसावं लागे, नळाला हात लावता येत नसे. म्हणजे माहिती नवी नव्हती. अंगावर धडकलं ते तिचं वजन. 'काहीच ठाऊक नव्हतं' ते 'सगळं कळलं' अशी उडी तिथे नाहीच, आणि म्हणूनच तो प्रसंग इतका खरा वाटतो.

दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) आणखी वेगळी वाट काढली. सुरुवातीलाच दगडू मारुती पवार (लेखकाचं मूळ नाव) आणि दया पवार समोरासमोर बसतात आणि दगडू आपली कहाणी सांगायला लागतो. मूल आणि मोठा माणूस यांच्यातलं अंतर निवेदनात लपवून न ठेवता त्याचीच चौकट केली. आणि हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू बघा. तिचं बालपण कुठल्या साक्षात्काराने संपत नाही, ते घरातली माणसं ठरवून संपवतात. लग्न, सासर, वैधव्य. अशा ठिकाणी 'हरवलं' हे क्रियापद लेखकाने जपून वापरावं, कारण त्यात कर्ता दिसत नाही.

तुमच्या कथेपुरतं: मुलीला आधीच बरंच ठाऊक असू द्या. घरात दूध कमी येतंय, सहलीचे पैसे भरायचे राहिलेत, आई वाण्याकडे वेगळ्या सुरात बोलते. नऊ वर्षांच्या मुलीला पैशांची चणचण समजते. तिला समजत नाही ते एवढंच, की बाबा ती एकट्याने लपवतायत. उलगडा माहितीचा करू नका, वजनाचा करा.

---

कोरा_कागद

चार रकाने आखले. अकरा प्रसंगांपैकी सात ठिकाणी दुसरा आणि तिसरा रकाना सारखेच निघाले, त्यामुळे ते प्रसंग का मरगळलेत ते समजलं. घरात 'बाबा आले'च म्हणतात, तो मार्ग वापरणार.

तळटीप, आईला ठाऊक असावं की नसावं? माझ्या मसुद्यात तिला काहीच ठाऊक नाही. आणि मागचा_बाक, शेवटाचं राहिलं. एक कल्पना अशी आहे: शाळेच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात ती सुवाच्य अक्षरात 'नोकरी' लिहिते.

---

मागचा_बाक

अर्जाची दिशा बरोबर, पण वस्तू फार हाताशी आलेली आहे. वडिलांच्या नोकरीवरची कथा आणि वडिलांच्या नोकरीचा रकाना, हा सांधा दुरूनच दिसतो. दिशा बरोबर अशासाठी की मुलगी तिथे काहीतरी करते. कळल्याचा पुरावा विचारात शोधू नका, कृतीत शोधा. आणि या विषयावरच्या कथांत ती कृती बहुतेक वेळा लपवाछपवीची असते. ज्या दिवशी मूल मोठ्यांचं खोटं स्वतः राखायला लागतं, त्या दिवशी ते मोठ्यांच्या बाजूला आलेलं असतं.

'पथेर पांचाली' चित्रपटात (१९५५) हे एका कृतीत आहे. अपूच्या बहिणीवर, दुर्गावर, हार चोरल्याचा आळ आलेला असतो आणि तिने तो नाकारलेला असतो. ती वारल्यावर घर सोडायच्या वेळी अपूला तो हार सापडतो. तो कुणाला बोलावत नाही, विचारत नाही, हार तळ्यात फेकून देतो. शेवाळ बाजूला सरतं आणि पुन्हा मिटतं. त्याला काय वाटलं ते कुणीच बोलत नाही. पण त्या कृतीमागे किती तयारी आहे ते बघा. चोरीचा आरोप आधी झालाय, त्यावरून मार पडलाय, बहिणीने 'नाही' म्हटलेलं आपण ऐकलंय. तो हार शेवटीच पहिल्यांदा आला असता तर काहीच झालं नसतं.

म्हणून तुमच्या कथेतली वस्तू तीनदा आणा. पहिल्यांदा ती खेळाची किंवा रोजची, दुसऱ्यांदा किंचित खटकणारी आणि तिसऱ्यांदा मुलीच्या हातात. डबा तुमच्याकडे आहेच. पहिल्यांदा: संध्याकाळी बाबांच्या डब्यात काय उरलंय ते उघडून खायचं, हा तिचा रोजचा हक्क. दुसऱ्यांदा: डबा घासलेला येतो आणि तिचा हक्क बुडतो, ती रुसते. तिसऱ्यांदा: ती त्यांना बाकावर पाहून आलेली आहे. त्या दिवशी ते डबा विसळायला विसरलेत आणि त्यात बागेतलं वाळकं पान अडकलंय. आई ओट्याकडे यायच्या आत ती पान काढून टाकते आणि डबा घासते. पुढे काही लिहू नका. 'बाबांनी माझ्याकडे पाहिलं' हेसुद्धा नको, तिथे दोघांचा गुपचूप समझोता दिसला की कथा गोड होते.

अंतर मोजायला विसरू नका. तिने पाहिल्यापासून डबा घासेपर्यंत मध्ये एक तरी अगदी साधा प्रसंग हवा: पाढे, मैत्रिणीशी भांडण, काहीही. पाहिलं आणि लगेच कृती केली तर वाचकाला ती लेखकाने करवल्यासारखी वाटते. पाच-सातशे शब्द मध्ये जाऊ द्या, आणि त्या शब्दांत ती पाहिलेल्या गोष्टीचा उल्लेखही करत नाही असं ठेवा.

शेवटाची कसोटी सोपी आहे. शेवटचा परिच्छेद हाताने झाका. कथा तरीही कळत असेल तर तो परिच्छेद कायमचा झाका. मग त्याच्या आधीचा झाकून बघा. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कथा लंगडायला लागते, तिथे थांबायचं.

---

रद्दीवाला

पण गोल्डिंगने बेटावर अडकलेल्या मुलांच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मध्ये (१९५४) तर सरळ लिहिलंय की राल्फ निरागसपणाच्या अंतासाठी रडला. ते कसं चाललं?

---

मागचा_बाक

तिथे निवेदन तृतीयपुरुषी आहे, त्यामुळे ते वाक्य राल्फच्या तोंडी नाही. त्याच्या जोडीला नौदलाचा अधिकारी उभा केलाय. दोनशे पानं आपण मुलांच्या उंचीवरून सगळं बघतो, ती आपल्याला शिकारी आणि टोळीनायक वाटतात, आणि अचानक मोठ्या माणसाच्या नजरेतून ती रंग फासलेली चिमुरडी पोरं दिसतात. अधिकाऱ्याला वाटतं खेळ चाललाय. एवढं सगळं समोर असल्यावर ते मोठं वाक्य पेलतं. जॉइसच्या 'अ‍ॅरबी'चा (१९१४) शेवटही भावना नाव घेऊन सांगतो, पण तिथे सांगणारा मुलगा राहिलेला नाही, हे पहिल्या परिच्छेदापासून भाषेत ऐकू येतं. थोडक्यात, सांगणाऱ्याचं वय जितकं जास्त तितकी उघड बोलण्याची मुभा. प्रथमपुरुषी नऊ वर्षांच्या मुलीला ती मुभा नाही.

---

तळटीप

आईबद्दल विचारलंत. तिला ठाऊक असू द्या, पण मुलीला ते कळू देऊ नका. चार रकान्यांच्या भाषेत सांगायचं तर तिसऱ्या रकान्यात एकदोन ठिकाणी आईची चाहूल टाका: डब्यात पोळ्या वाढल्यात, कचेरीचा विषय निघाला की ती दुसरं काही काढते, बाबांचा सदरा अजूनही रोज कडक इस्त्री करून ठेवते. म्हणजे आई नवऱ्याचं खोटं राखतेय आणि मुलगी आईपासून बाबांचं खोटं राखतेय. डबा घासायची घाई वाचकाला अनावश्यक ठरलेली दिसते आणि मुलीला दिसत नाही. हामिदसारखी एक खोली भरलेली राहते.

एक धोका मात्र आहे. आईला ठाऊक असल्याच्या खुणा दोनच ठेवा. चार झाल्या की कथा आईची होते.

---

अर्धविराम

तळटीपच्या मुद्द्याला जोडून: आईची एक खूण मुलीच्या तक्रारीतून येऊ दे. 'आईने बाबांना चार पोळ्या दिल्या आणि मला दोनच' असं ती चिडून सांगेल. मुलं निरीक्षणं क्वचित नोंदवतात, गाऱ्हाणी मात्र हमखास नोंदवतात. नऊ वर्षांच्या निवेदिकेकडून वाचकाला माहिती पोचवायचा हा सगळ्यात विश्वासू मार्ग आहे. तुमचे ते सात मरगळलेले प्रसंग यातूनच दुरुस्त होतील. प्रत्येकात बघा, तिचं गाऱ्हाणं काय आहे. जिथे गाऱ्हाणं सापडत नाही तो प्रसंग तिचा नाही, काढून टाका. साडेचार हजारांचे साडेतीन हजार झाले तरी बिघडत नाही.

आणि मुलीला एकदा तरी दुष्टपणे वागू द्या. डब्यातला हक्क बुडाल्यावर ती बाबांना लागेल असं काहीतरी बोलते, 'तुमच्यापेक्षा हिचे बाबा चांगले' छापाचं, मैत्रिणीसमोर. तोवर तिला काही ठाऊक नसतं. पुढे कळल्यावर तिने ते बोलणं आठवायची गरज नाही, वाचकाला आठवतं. मुलांच्या कथांत मूल नेहमी सोसणारंच असतं, त्यामुळे त्या कथा पुळचट होतात. गोल्डिंगची मुलं एवढी लक्षात राहतात, कारण तिथे मुलांना जगाचं काळं नाही, स्वतःचं दिसतं.

---

कोरा_कागद

गाऱ्हाण्याची कसोटी लावली. सातपैकी चार प्रसंग वाचले, तीन गेले. दाराआडचा प्रसंग ठेवतेय, पण 'अजून किती दिवस' आणि 'बघू' एवढाच. एक शंका उरली: बाकावर दिसण्याच्या प्रसंगात ती बाबांना हाक मारेल की नाही?

---

रद्दीवाला

मारू दे. पण वर्गाच्या रांगेत बाई सोबत असताना मारू नको, नाहीतर बाईंना उलगडा करावा लागेल. ती एकटी असेल तर हाक घशापर्यंत येऊन थांबणं फार ओळखीचं आहे, शंभर कथांत आहे. त्यापेक्षा ती हाक मारते, ते ऐकत नाहीत, आणि दुसऱ्यांदा मारायच्या आधी तिला त्यांचे काढून ठेवलेले बूट दिसतात. अर्धविरामचं 'एक माणूस बसला होता' मग हाकेच्या आधी येईल की नंतर, ते दोन्ही तऱ्हांनी लिहून मोठ्याने वाचून ठरवा.